बुद्धिबळात ई४ ला काळ्याकडून लेकीला काय शिकवावं? जी५ च्या घोड्यानं वैताग आणलाय

परभणीकर_बाबा:
नमस्कार मंडळी. लेक सातवीत आहे, दिव्या देशमुखनं २०२५ ला बाटुमीत बुद्धिबळाचा महिला वर्ल्डकप जिंकला तेव्हापासून घरात दुसरा विषयच नाही. परभणी, नांदेड, लातूर, जिथं स्पर्धा तिथं आम्ही एसटीनं हजर. पांढऱ्याकडून बरी खेळती पण काळ्याकडून ई४ ई५ (ही पटावरच्या घरांची नावं, आधी पांढऱ्याची चाल मग काळ्याची), दोघांचे घोडे निघतात, समोरचा उंट सी४ ला काढतो, ही दुसरा घोडा एफ६ ला आणती की लगेच त्याचा घोडा जी५ वर. ही डी५ ढकलती, तो मारतो, ही घोड्यानं परत मारती आन् तो एफ७ वर घोडा टाकून राजाला बाहेर ओढतो. सर म्हणतात ओपनिंगच, म्हणजे डावाची सुरुवातच बदला, कारो-कान घ्या, ई४ ला सी६ नं उत्तर. पुढच्या महिन्यात रॅपिड (कमी वेळाच्या डावांची स्पर्धा) आहे, काय करावं?

अडीच_घर:
बदलू नका दादा. डी५ पर्यंत बरोबर आहे, फक्त त्यानं मारल्यावर घोड्यानं परत मारायचं नाही, सी६ चा घोडा ए५ ला न्यायचा, उंटावर. तो बी५ ला येऊन शह देईल, सी६ करा, तो प्यादं मारेल, बी च्या प्याद्यानं मारा, की उंटाला परत पळावं लागतं आणि आपले मोहरे भराभर बाहेर. प्यादं एक कमी राहतं, राहू द्या. लेकरं प्यादं गेलं की निम्मी हरतात, ते आधी काढा डोक्यातून.

लातूरची_ताई:
एवढं पाठ नको असेल तर घोडा एफ६ ला आणण्याऐवजी उंट सी५ ला काढायला सांगा. मग घोडा जी५ वर आला तर वजीरानं फुकटात खायचा 😄

मांजराकाठ:
कारो-कान चांगलीच आहे पण महिन्यात नको. नुसतं सेफ म्हणून घेतात आणि तिथंबी मरतात. ई४ सी६, डी४ डी५, घोडा सी३, मारामारी होऊन त्याचा घोडा ई४ वर, आपला डी७ ला, तो वजीर ई२ करतो, आपण सवयीनं दुसरा घोडा एफ६ ला आणि घोडा डी६, मात! ई७ चं प्यादं त्याच्या वजीरापुढं बांधलेलं, हललं तर आपल्या राजाला शह, म्हणून घोडा मारताच येत नाही.

परभणीकर_बाबा:
बापरे. मग सध्या ताईंचं सी५, ए५ वालं सुट्टीत. रॅपिडला चाली लिहून ठेवायची सक्ती नसती ना? तिच्या लक्षात राहत नाही कुठं चुकलं ते.

अडीच_घर:
सक्ती नाही. डाव संपला की पुढच्या राऊंडच्या आधी पहिल्या दहा चाली वहीत लिहून घ्या, घरी आल्यावर लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर टाका, फुकट आहे. इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) मात्र शेवटी लावा, आधी तिला विचारा तिथं काय वाटलं होतं.