जर्मन बाख आणि इंग्लिश ब्रुक एकच शब्द का?

सायकलवारी:
नमस्कार मंडळी, स्टुटगार्टला राहते, रविवारी सायकल काढली की फॉयरबाख, रायशेनबाख, नुसती बाखवाली गावं. बाख म्हणजे ओढा हे कळलं, पण इंग्लिश ब्रुक त्याचाच भाऊ का? दोन्हीकडे ब आणि शेवटी क-ख, म्हणून विचारतेय.

ओहोळ:
नाही हो, दिसायला सारखे पण घराणी वेगळी. बाखचे सख्खे म्हणजे डच बेक, डॅनिश बेक, आणि उत्तर इंग्लंडात यॉर्कशायरकडे ओढ्याला बेकच म्हणतात, तो व्हायकिंग लोकांनी नेलेला शब्द, जुन्या नॉर्सचा बेक्कर. तेच लोक नॉर्मंडीत उतरले म्हणून तिथे फ्रेंच गावांची नावं बोल्बेक, कोदबेक अशी.

पाणथळ:
ब्रुकचा जर्मन भाऊ ब्रूख, अर्थ दलदल! डच ब्रूक पण पाणथळ जमीन, ब्रसेल्सच्या नावात तोच आहे, दलदलीतली वस्ती. केंट-ससेक्सकडे ब्रुक्स म्हणजे नदीकाठची ओली कुरणं, त्यामुळे माझं मत असं की ओली जमीन हा अर्थ आधीचा, वाहतं पाणी हा अर्थ इंग्लिशमध्ये मागाहून आला.

सायकलवारी:
वा! आणि स्कॉटलंडमध्ये ओढ्याला बर्न म्हणतात, तो? १३१४ ची बॅनकबर्नची लढाई वाचली होती.

पाणथळ:
तो जर्मन ब्रुनेनचा नातलग, म्हणजे विहीर, झरा. तुमच्या जवळचं हाइलब्रॉन घ्या, त्यातला ब्रॉन तोच.

ओहोळ:
आपल्याला खरा जवळचा स्ट्रीम, त्याच्याबद्दल कुणी बोलतच नाहीये. संस्कृत स्रु धातू, म्हणजे वाहणे, त्यावरून आपले स्रोत, स्राव, आणि त्याच मुळातून इंग्लिश स्ट्रीम, जर्मन श्ट्रोम. मधला ट कुठून आला तर जर्मॅनिकमध्ये, म्हणजे इंग्लिश-जर्मन-डच या भाषांच्या कुळात, स आणि र जवळ आले की मध्ये त शिरतो, संस्कृत स्वसृ म्हणजे बहीण आणि इंग्लिश सिस्टर, तिथेही हाच त. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप नव्हती.

सायकलवारी:
अरे, श्ट्रोम म्हणजे इथे मोठी नदी आणि वीज पण, लाइट बिलावर रोजचा शब्द, आणि तो आपला स्रोत! आता एक सांगा, आजी कोकणात ओढ्याला पऱ्ह्या म्हणायची, त्याचं मूळ कुणाला माहितीये का?