मदत हवी आहे : अण्णांचं विसरणं, डिप्रेशन की डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश)?

नमस्कार मंडळी,

वडिलांबद्दल विचारायचं आहे. थोडं लांबेल, पण तपशील दिल्याशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही.

अण्णा ७४ वर्षांचे. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. संगमनेरला स्वतःच्या घरात राहतात. आई दीड वर्षापूर्वी गेली. दादा पुण्यात, मी नाशिकला. स्वयंपाकाला मावशी येतात. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू. बीपीची गोळी आहे. आई गेल्यावर झोप लागेना म्हणून अल्प्राझोलाम सुरू झाली होती, ती आजही चालूच आहे.

गेल्या सात-आठ महिन्यांत अण्णा फार विसरायला लागलेत. हयातीचा दाखला द्यायचा राहिला आणि पेन्शन अडकली. दूध तापत ठेवलं, ऊतू जाऊन गॅस विझला, तरी ते शेजारच्या खोलीत बसूनच होते. दुधाचा हिशोब कॅलेंडरवर रोज लिहायचे, आता महिनेच्या महिने कोरे आहेत. ज्या माणसाला उभ्या जिल्ह्याच्या गाड्या तोंडपाठ होत्या, त्याला शेजारच्या मुलाने नाशिकची शेवटची गाडी विचारली तर म्हणाले, "स्टँडवर जाऊन विचार, मला काही आठवत नाही आता."

दादाने त्यांना शहरातल्या एका न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. मी सोबत होते. तारीख-वार विचारला, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. तीसपैकी १९ गुण आले. एमआरआयमध्ये मेंदूचं "वयानुसार थोडं आकुंचन". लगेच "डिमेन्शियाची सुरुवात" म्हणून डोनेपेझिल लिहून दिली. झोप, भूक, मन कसं आहे, घरात काय घडलं, यातलं काहीच विचारलं नाही. रक्ताच्या तपासण्याही नाहीत.

मला जे खटकलं ते सांगते. अण्णा उत्तरं चुकवत नव्हते, देतच नव्हते. प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही". वार विचारला तेव्हा समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. आणि परतताना गाडीत, कुणी न विचारता, आईच्या शेवटच्या आठवड्यातलं सगळं सांगितलं : कोणत्या दिवशी ऑक्सिजन लावला, कुठली सिस्टर रात्रपाळीला होती, आई शेवटचं काय बोलली. एकही गोष्ट इकडची तिकडे नाही.

बाकी लक्षणं : पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, मग झोप नाही. सकाळी अगदी गळून गेलेले असतात, संध्याकाळी जरा बोलतात. वजन उतरलंय, सदरे खांद्यावरून घसरतात. पारावर जाणं बंद. दाढीसुद्धा मी आले की मी आग्रह करते तेव्हाच. दोन-तीनदा "मी आता तुमच्यावर ओझं झालोय" असं म्हणाले. स्वतःच्या विसरण्याबद्दल मात्र सारखी तक्रार करतात.

दादाचं म्हणणं, निदान झालंय, घर विकून अण्णांना पुण्याला न्यावं. मला वाटतं, आधी हे डिप्रेशन तर नाही ना, ते नीट बघितल्याशिवाय एवढा मोठा निर्णय घेऊ नये. अण्णांचं उरलेलं सगळं त्या घरात आहे.

तर प्रश्न असे : कुणाकडे जावं, पुन्हा न्यूरॉलॉजिस्ट की सायकिअ‍ॅट्रिस्ट? कोणत्या तपासण्या मागून घ्याव्यात? डिप्रेशन असेल तर उपचारांनी स्मरणशक्ती परत येते का, आणि किती दिवस वाट बघायची? आणि "मला काय वेड लागलंय का?" म्हणणाऱ्या माणसाला मानसोपचारांसाठी तयार कसं करायचं?

प्रतिसाद १

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. इथे बसून निदान करणार नाही, पण तुमची शंका रास्त आहे. डिप्रेशनमुळे डिमेन्शियासारखं चित्र दिसणं ही जुनी ओळखीची गोष्ट आहे, किलो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९६१ मध्ये "स्यूडोडिमेन्शिया" (म्हणजे वरवर डिमेन्शिया वाटणारं) या नावाखाली त्यावर लिहिलं होतं. डिप्रेशनमध्ये लक्षच लागत नाही, त्यामुळे गोष्ट मेंदूत नीट नोंदलीच जात नाही, मग ती आठवणार कुठून? प्रयत्न न करता "माहीत नाही" म्हणणं, विसरण्याची स्वतःहून तक्रार करणं, सकाळी जास्त त्रास, पहाटेची जाग, हे सगळं डिप्रेशनकडे बोट दाखवतं. अल्झायमर्समध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या नेहमीच्या प्रकारात, बहुधा उलट असतं : रुग्ण काहीतरी उत्तर जुळवून देतो, तक्रार घरचे करतात, संध्याकाळी गोंधळ वाढतो. पण याला पुरावा समजू नका. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि उतारवयात पहिल्यांदाच आलेलं डिप्रेशन कधी कधी डिमेन्शियाची नांदीही असते.

रक्तात बी-१२, थायरॉइड आणि सोडियम बघाच, सोबत हिमोग्लोबिन, साखर, किडनी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ खाली येऊ शकतं आणि त्याने विसराळूपणा आणि उदासी दोन्ही येतात. कानही तपासा. कमी ऐकू येणारा माणूस अशा चाचणीत हमखास मागे पडतो.

अल्प्राझोलामबद्दल मुद्दाम सांगतो. या वयात ती स्मरणशक्ती मंदावते, तोल जाऊन पडण्याचा धोका वाढवते. पण एकदम बंद करू नका, झटके (फिट) येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची. डोनेपेझिलही मनाने थांबवू नका. तिने भूक मंदावते आणि नाडीचा वेग कमी होऊ शकतो, म्हणून वजन उतरतंय हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सायकिअ‍ॅट्रिस्टकडे जा, ज्येष्ठांचे आजार बघणारे मिळाले तर उत्तम. कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. उदासीसाठी जीडीएस नावाची १५ प्रश्नांची हो-नाही चाचणी आहे, ती करून घ्या. औषध सुरू झालं तर ज्येष्ठांमध्ये गुण यायला सहा ते आठ आठवडे, कधी बारासुद्धा लागतात. बीपीच्या काही गोळ्या आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या मिळून सोडियम उतरवतात, आणि त्यानेही माणूस गोंधळतो, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत ते पुन्हा तपासायचं. मन सावरल्यावर तीच स्मृतीची चाचणी परत करायची. आज आलेले १९ गुण हे बुडालेल्या मनाचे गुण असू शकतात, ते कायमचे धरू नका.

आणि "ओझं झालोय" याकडे दुर्लक्ष नको. "अण्णा, जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर एकटं ठेवू नका, गोळ्यांचा साठा आपल्या ताब्यात घ्या, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेलिमानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं.

प्रतिसाद २

ताई, आमच्या आईचं अगदी असंच होतं. उपचार घेतले, दोन-तीन महिन्यांत आई पुन्हा देवपूजा करायला लागली, फोनवर स्वतःहून बोलायला लागली. पण खरं सांगते, स्मरणशक्ती पूर्ण परत आली नाही, आणि काही वर्षांनी अल्झायमर्सचं निदान झालंच. तरी मधली वर्षं तिची चांगली गेली, नातीचं लग्न तिने समजून-उमजून पाहिलं. डिप्रेशन बरं झालं तरी दर सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा तपासणी सोडू नका.

प्रतिसाद ३

समजूत घालायचं म्हणाल तर झोपेपासून सुरू करा. पहाटेची जाग त्यांना खरंच छळते आहे. "झोपेचा इलाज करू, त्या डॉक्टरांना दाखवू" यात काही खोटं नाही. माझे सासरे यावरच तयार झाले. खोलीत गेल्यावर डॉक्टर बाकीचं काढून घेतात.

दुसरं, "आठवतंय का? काय सांगितलं होतं मी?" असं घरात कुणीही विचारू नका. रोजच्या त्या परीक्षेने ते आणखी मिटतात. छोटं, ठरलेलं काम द्या : सकाळी मावशींबरोबर भाजी निवडणं, संध्याकाळी पारापर्यंत चक्कर. इच्छा झाली की करतील म्हणून थांबू नका, आधी करायला लावा, इच्छा मागून येते. दूध आता मावशी असतानाच तापवू द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री अण्णांना सरळ विचारलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "करून घेणार नाही गं काही, पण सकाळ झाली की वाटतं कशाला झाली." आणि रडले. आई गेल्यानंतर मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. तूर्त मी इथेच राहते आहे, औषधांचा डबा माझ्याकडे घेतला आहे.

रक्त तपासायला दिलंय. नाशिकला मानसोपचारतज्ज्ञांची परवाची वेळ मिळाली आहे, झोपेसाठी यायला अण्णा तयार आहेत. प्रतिसाद १ मी दादाला वाचून दाखवला. चाचणी पुन्हा होईपर्यंत घराचा विषय काढायचा नाही, हे त्याने मान्य केलंय.

सगळ्या गोळ्यांची पाकिटं, एमआरआय आणि आधीचा कागद नेते आहे. जाताना आणखी काय लिहून न्यावं, ते कुणाला सुचत असेल तर आज-उद्यात सांगा.