शिक्षण चालू असताना नवऱ्याला कॅनडात स्पॉन्सर करता येतं का? सल्ला हवा आहे

पिंपळपान

नमस्कार मंडळी. मी २०१८ साली आईबाबांबरोबर पीआर (कायमची रहिवासी) होऊन कॅनडात आले. सध्या हॅमिल्टनला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत कोल्हापूरला माझा साखरपुडा झाला. तो शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीचं काम बघतो. आमची घरं शेजारीशेजारी, ओळख शाळेपासूनची. डिसेंबरच्या सुट्टीत लग्न करायचं घाटतंय.

अडचण अशी की घरात प्रत्येकजण वेगळं सांगतो. लंडनचे मामा म्हणतात, २९ हजारांचा पगार दाखवल्याशिवाय नवऱ्याला बोलावताच येत नाही, त्यामुळे आधी शिक्षण, मग नोकरी, मग अर्ज. मी फक्त शनिवार-रविवार एका केअर होममध्ये काम करते. फी ओसॅपमधून, म्हणजे ओंटारियोच्या विद्यार्थी-मदत योजनेतून जाते. बाबा म्हणतात, मी तुझ्याबरोबर सही करतो. ते चालतं का? आणि ओसॅप घेणं म्हणजे सरकारी मदत घेणं धरतात का?

आणखी एक. पुढच्या वर्षी एका सेमिस्टरसाठी आयर्लंडला जायची संधी आहे. अर्ज चालू असताना गेले तर चालेल का? नोकरी लागेपर्यंत थांबायचं तर दोन वर्षं सहज जातील. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहा.

हिमवाट

ताई, मामांचं म्हणणं खरं आहे, पण ते ब्रिटनपुरतं. तिथे ११ एप्रिल २०२४ पासून जोडीदाराच्या व्हिसासाठी वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न लागतं, त्याआधी १८,६०० लागायचं. कॅनडात नवऱ्याला किंवा बायकोला स्पॉन्सर करायला किमान उत्पन्नाची अट नाही. ती आईवडील आणि आजीआजोबांना बोलावताना लागते. दोन्हीला ‘स्पॉन्सरशिप’च म्हणतात, म्हणून घरोघरी हा घोळ होतो.

तुमच्याकडून अपेक्षित काय, तर वय १८ च्या वर, पीआर किंवा नागरिकत्व, कॅनडात राहणं, दिवाळखोरी नाही, आणि सोशल असिस्टन्स चालू नाही. सोशल असिस्टन्स म्हणजे ओंटारियो वर्क्ससारखी मदत. अपंगत्वामुळे मिळणारी मदत याला अपवाद आहे. ओसॅप हे शिक्षणासाठीचं कर्ज आणि अनुदान आहे, ते यात मोडत नाही. त्यावरून जिवाला घोर लावून घेऊ नका.

मी स्वतः मास्टर्स करताना नवऱ्याचा अर्ज भरला. उत्पन्न म्हणजे टीएशिपचे, विद्यापीठात शिकवायला मदत करण्याचे पैसे. स्पॉन्सरच्या कागदांत शेवटचं नोटीस ऑफ असेसमेंट (टॅक्स रिटर्न तपासून कर खातं पाठवतं तो कागद) आणि नोकरीचं पत्र मागतात, आणि जे देता येत नाही त्याचं लेखी कारण द्यायची मुभा असते. मी कारण सरळ लिहिलं: शिक्षण चालू आहे, अमुक महिन्यात संपेल, तोवर राहणार कुठे, खर्च कोण करणार. किमान उत्पन्न नसलं तरी तुम्ही दोघं पोट कसं भरणार हे अधिकारी बघतोच. बाबा या अर्जावर सहस्वाक्षरी करू शकत नाहीत, पण पत्र देऊ शकतात: आमच्या घरात दोघं राहतील, भाडं घेणार नाही. सोबत घराचा कागद आणि बँकेचं स्टेटमेंट. नवऱ्याची बचत, पगाराच्या स्लिपा, डिप्लोमा-डिग्री हेही जोडा. फाउंड्रीत क्वालिटीचा अनुभव असलेला माणूस हॅमिल्टनसारख्या पोलादाच्या गावात येतोय, हे तर ठळक लिहा.

टॅक्स रिटर्न भरता ना? उत्पन्न थोडं असलं तरी भरा, नाहीतर ते नोटीस येणार कुठून. आणि लग्न झालं की पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत सीआरएला, म्हणजे कॅनडाच्या कर खात्याला, वैवाहिक स्थिती कळवायची असते. हे फार लोक सोडून देतात. मग इमिग्रेशनच्या अर्जात ‘विवाहित’ आणि टॅक्समध्ये ‘अविवाहित’ अशी नोंद सापडते, आणि त्याचा खुलासा करत बसावं लागतं. ओसॅपलाही कळवा. लग्नानंतर त्यांचा हिशोब आईवडिलांऐवजी जोडीदाराच्या उत्पन्नावर होतो, त्यामुळे रक्कम बदलू शकते. डिसेंबरात लग्न म्हणजे हिवाळी सेमिस्टरच्या पैशांवर परिणाम होऊ शकतो. विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयात आधीच विचारून ठेवा.

सह्यकडा

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. अंडरटेकिंगवर, म्हणजे स्पॉन्सरच्या हमीपत्रावर, सही करायच्या आधी ते नीट वाचा. नवरा पीआर झाल्या दिवसापासून तीन वर्षं त्याच्या मूलभूत गरजांची जबाबदारी तुमची. त्या काळात त्याने सोशल असिस्टन्स घेतला तर ती रक्कम सरकार तुमच्याकडून वसूल करतं. नोकरी गेली, अभ्यास सुटला, अगदी घटस्फोट झाला तरी ती जबाबदारी संपत नाही. २२-२३ व्या वर्षी नर्सिंगच्या क्लिनिकल शिफ्ट, कर्ज आणि वर हे. एक वर्ष थांबून, नर्स म्हणून रजिस्ट्रेशन झाल्यावर अर्ज केला तर काय बिघडलं?

हिमवाट

दादा, अंडरटेकिंगबद्दलचं तुमचं शब्दन् शब्द बरोबर आहे, आणि ते दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगायला हवं. पण वेळेचं गणित उलट आहे. ही तीन वर्षं अर्ज केल्या दिवसापासून मोजत नाहीत, नवरा पीआर होतो तेव्हापासून मोजतात. अर्जाला साधारण वर्ष धरून चाला, कधी जास्त. ताईंनी जानेवारीत अर्ज भरला तर तो येईपर्यंत त्या शेवटच्या वर्षाच्या टोकाला असतील. म्हणजे जबाबदारी सुरू होईल तेव्हा पगार दारात उभा असेल. शिक्षण संपवून मग अर्ज केला तर वाटेचं ते वर्ष नोकरी असूनही एकटीने काढायचं.

थांबायचं कारण एकच असू शकतं, नातं अजून नवं आहे आणि मन तयार नाही. पैशासाठी थांबू नका.

चाफा

मला एक कळलं नाही. माझी बहीण टोरंटोत शिकते, ती म्हणाली की जानेवारी २०२५ पासून विद्यार्थिनींना नवरे आणता येत नाहीत.

हिमवाट

ती बहुतेक स्टडी परमिटवर, म्हणजे शिक्षणापुरत्या तात्पुरत्या परवान्यावर असेल. तो प्रश्न वेगळा. तिच्या नवऱ्याला मिळायचं ते तात्पुरतं ओपन वर्क परमिट (कुठेही नोकरी करायचा परवाना), आणि २१ जानेवारी २०२५ पासून ते किमान १६ महिन्यांचं मास्टर्स, डॉक्टरेट आणि काही ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रम करणाऱ्यांच्याच जोडीदारांना मिळतं. पिंपळपान ताई पीआर आहेत. विद्यार्थिनी असणं हा त्यांच्या अर्जात फक्त व्यवसायाचा रकाना आहे. त्या नवऱ्यासाठी थेट पीआरचाच अर्ज करणार. बहिणीने कॉलेजच्या इमिग्रेशन सल्लागाराकडे जावं, या धाग्यातलं काही तिला लागू होत नाही.

कृष्णाकाठ

मी कोल्हापूरचाच, माझ्या पुतणीचे सगळे कागद मीच फिरून केले, म्हणून इकडच्या बाजूचं लिहितो.

बाळ, साखरपुड्यावर अर्ज होत नाही. कॅनडात वाग्दत्त वर-वधूंसाठी वर्गच नाही. लग्न तरी हवं, नाहीतर वर्षभर सलग एकत्र राहिल्याचा पुरावा. आणि कुणी सुचवलं की तू तिकडून ऑनलाइन बस, इकडे भटजी मंत्र म्हणतील, तर ऐकू नकोस. फोनवरून, इंटरनेटवरून किंवा प्रतिनिधी उभा करून लावलेलं लग्न कॅनडा जून २०१५ पासून इमिग्रेशनसाठी मानत नाही. दोघं एका मांडवात हवीत.

सुट्टी तीन आठवड्यांची असेल तर विशेष विवाह कायद्याच्या वाटेला जाऊ नका, त्यात ३० दिवसांची नोटीस असते. विधिवत लग्न लावा आणि लगेच महापालिकेच्या विवाह निबंधकाकडे नोंदणी करा. लग्नपत्रिका, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे दाखले, लग्नातले फोटो, तीन साक्षीदार आणि गुरुजींची सही लागते. गुरुजींना आधीच सांगून ठेवा, डिसेंबरात मुहूर्तांच्या गर्दीत ते सापडत नाहीत. साक्षीदार गावातलेच निवडा, पुण्यामुंबईहून आलेले पाहुणे दुसऱ्या दिवशी परत जातात. दाखल्यावर तुझं नाव कॅनडाच्या पीआर कार्डावर आहे तसंच्या तसं येऊ दे. सासरचं नाव लावायचं असेल तर अर्ज मार्गी लागल्यावर लाव, नाहीतर प्रत्येक कागदाला पुरवणी जोडत बसशील.

मराठीतला प्रत्येक कागद इंग्रजीत भाषांतरित हवा, सोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची प्रत. घरातल्या कुणी केलेलं भाषांतर चालत नाही. काका, मामा, चुलत-मामेभाऊ सगळे त्यात आले, मग तो वकील असला तरी. पत्रिका, शाळेचा दाखला, जुनी पत्रं, सगळ्याला हेच. व्हॉट्सअ‍ॅपचं बोलणं मराठीत असेल तर तेही. म्हणून पानंच्या पानं देऊ नका. अर्जाच्या चेकलिस्टमध्ये बोलण्याची दहा पानं आणि वीस फोटो अशी कमाल मर्यादाच आहे. दहा पानं निवडताना वेगवेगळ्या वर्षांतली घ्या: आजीच्या आजारपणातली, परीक्षेच्या वेळची, भांडणाचीही. नुसतं ‘जेवलास का’ दहा पानं भरून पाठवण्यात अर्थ नाही.

मुलाचं पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून निघतं. मेडिकल मात्र कॅनडा इमिग्रेशनच्या यादीतल्या डॉक्टरकडेच.

हिमवाट

काकांनी फोटो-गप्पांचा विषय काढला म्हणून मुख्य गोष्ट सांगते. माझ्या ओळखीत जे अर्ज अडकले ते उत्पन्नावर अडकले नाहीत. नातं खरं आहे की पीआरसाठी जुळवलंय, या प्रश्नावर अडकले. ठरवून केलेल्या लग्नाला त्यांची हरकत नाही, पण त्या समाजात जशी लग्नं होतात तसं हे झालं का, हे बघतात. नात्याची जी प्रश्नावली असते, आयएमएम ५५३२, तिच्यात ओळख कशी झाली, लग्नाला कोण कोण होतं, घरच्यांना माहीत आहे का, असं सगळं विचारतात. तिथे दोन ओळींत उरकू नका. शेजार, शाळा, मधली वर्षं संपर्क कसा राहिला, कुणी विषय काढला, साखरपुडा कुठे झाला, सगळं तारखांसह लिहा. आणि तुम्ही दोघांनी एकमेकांचं लिहिलेलं वाचा. तुम्ही म्हणता मामींनी स्थळ सुचवलं आणि तो म्हणतो आम्हीच ठरवलं, तर पुढे मुलाखतीत तेच विचारतात.

लग्न छोटं करणार असाल, काही कारणाने वडीलधारे येऊ शकणार नसतील, तर कारण स्वतःहून लिहा.

आयर्लंड. पीआर स्पॉन्सरने अर्ज चालू असताना कॅनडात राहायला हवं. लग्नासाठी महिनाभर भारतात जाणं वेगळं, आणि अख्खं सेमिस्टर बाहेर राहणं वेगळं. नागरिकाला सूट आहे, तो बाहेर राहूनही अर्ज करू शकतो, जोडीदार येईल तेव्हा कॅनडात राहणार असं दाखवलं की झालं. तुम्ही २०१८ पासून इथे आहात, म्हणजे पाच वर्षांतले १,०९५ दिवस भरलेले असणार. नागरिकत्व घेतलं तर भारतीय पासपोर्ट जातो, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घ्यावं लागतं, तेव्हा तो निर्णय घाईने घेऊ नका. मी तुमच्या जागी असते तर आयर्लंड सोडलं असतं.

पिंपळपान

सगळ्यांचे मनापासून आभार. आयर्लंड सोडते. बाबांना पत्राबद्दल सांगितलं, त्यांना उलट हायसं वाटलं. सह्यकडा दादा, तुमचा प्रतिसाद मी त्याला फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, तीन वर्षांची सही तू करणार असशील तर निदान वर्षभराच्या खर्चाची बचत मी घेऊन येतो, आणि आतापासून इंग्रजीचा क्लास लावतो.

अजून दोन प्रश्न. खर्च किती येईल? आणि अर्ज चालू असताना तो भेटायला येऊ शकतो का? कोल्हापुरात एकाने ‘खात्रीने करून देतो’ म्हणून मोठी रक्कम सांगितली आहे.

हिमवाट

एप्रिल २०२४ अखेरीस लागू झालेल्या दराने सरकारी फी १,२०५ डॉलर होती, त्यात पीआरच्या हक्काचे ५७५ धरलेले. वर बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५. पीआरची फी दर दोन वर्षांनी वाढते, म्हणून भरायच्या दिवशी सरकारी पानावर बघा. शिवाय मेडिकल, भाषांतरं आणि विमान.

भेटीसाठी तो व्हिजिटर व्हिसा मागू शकतो. पीआरचा अर्ज चालू असणं हे नकाराचं कारण होत नाही, कायद्यात दोन्ही हेतू एकत्र चालतात. फक्त मुदत संपल्यावर परत जाईल हे पटायला हवं, म्हणून नोकरीतून मंजूर रजेचं पत्र जोडा आणि स्पॉन्सरशिपचा अर्ज भरल्याचं लपवू नका. तो इथे वैध स्टेटसवर असताना अर्ज पोचल्याची पावती आली, तर ओपन वर्क परमिटही मागता येतं.

सह्यकडा

‘खात्रीने’ म्हणणाऱ्याला एक पैसा देऊ नका. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जात प्रतिनिधित्व करायचा हक्क तिथले वकील, क्युबेकचे नोटरी आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचे परवानाधारक अशा मोजक्यांनाच आहे. त्या कॉलेजच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की परवाना आहे की नाही दिसतं. माझ्या मेव्हण्याच्या अर्जात एका एजंटाने ‘सोपं जावं’ म्हणून आधी नाकारलेल्या व्हिसाचा उल्लेखच गाळला होता. खोटी माहिती दिल्याचा ठपका आला तर पाच वर्षं बंदी बसते, आणि ती एजंटावर नाही, अर्जदारावर बसते. वेळीच लक्षात आलं म्हणून वाचला.

तुमचं प्रकरण सरळ आहे, दोघं शिकलेली आहात, स्वतःच भरा. पाठवायच्या आधी एखाद्या परवानाधारकाला एकदा तपासायला दिलंत तर पुरे. आणि अर्जाच्या प्रत्येक पानाची प्रत त्याच्याकडे आणि तुमच्याकडे, दोन्हीकडे ठेवा.

कृष्णाकाठ

बाळ, नोंदणीच्या वेळी माझी गरज लागली तर इथेच निरोप ठेव. साक्षीदार कमी पडला तर मी येईन.

पिंपळपान

काका, नक्की ठेवते. तारीख ठरली की कळवते.