धोका फक्त प्रचारातच असतो का?

दादा, तुम्ही वर लिहिलंय की आताच्या वातावरणात आपला ख्रिस्ती विश्वास घरात ठेवावा, उगाच धोका घेऊ नये. भीती समजते हो. डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटकचं ते धर्मांतरविरोधी बिल आपल्या बेळगावातच, सुवर्णसौधमध्ये विधानसभेत पास झालं, तेव्हा खानापूरकडे घरी प्रार्थनेला जमणारी आमच्या ओळखीची माणसं पण आधी दार लावून घेत होती.

पण मला वाटतं धोका म्हटलं की आपण फक्त धर्मप्रचारच धरतो, आणि तिथेच गल्लत होते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, टीका झाली, पुढे पुण्यात त्यांच्या शारदा सदन ह्या विधवा-मुलींच्या शाळेतून पालकांनी मुली काढून नेल्या, तरी १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी विधवा-मुलींना घेऊन आल्याच, ह्या सगळ्यांना खायला कुठून घालणार हा हिशोब करत बसल्या असत्या तर गेल्याच नसत्या.

आमच्या चर्चमधल्या एक मावशी भाजी विकतात. शेजारीण रात्री मार खाऊन आली, तिला पोरासकट घरात घेतलं. नवरा दारात येऊन शिव्या घालून गेला, सकाळी मावशींची हातगाडी उलटी पडलेली, मेथी-कोथिंबीर सगळी गटारात. तरी शेजारणीला जा म्हणाल्या नाहीत, आणि तू आमच्यात ये असंही कधी म्हणाल्या नाहीत!

ह्यात कुठला कायदा आड येतो सांगा? कायद्याचं भान ठेवाच, कुणावर जबरदस्ती, आमिष अजिबात नको. पण बायबलात मत्तय २५ मधल्या दृष्टांतातला, धन्याने पैसे सोपवलेला तो चाकरसुद्धा भीतीनेच ते पैसे कामाला न लावता जमिनीत पुरून बसला होता ना.