अनुभव धागा : गुरुजींची बदली झाली, मग शाळेत काय उरलं?

शाळेतल्या उपक्रमांवर आपण खूप बोलतो, पण ते सुरू करणारा माणूस निघून गेल्यावर काय होतं यावर फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट (एका अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट) बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जायचे, २२ जून २०१५ ला प्रत्येक मूल शिकलंच पाहिजे असं म्हणणाऱ्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाचा जीआर (शासन निर्णय) आला, आणि ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतः करून बघत शिकतं, हा शब्द वाडीवस्तीवरच्या शाळेत पोचला. त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा सुरू झालेलं तुमच्याकडे आज काय चालू आहे आणि ते का टिकलं? शिक्षक, पालक, केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांचा गट म्हणजे केंद्र, ते बघणारे), संस्थेत काम करणारे, सगळ्यांनी लिहा. शाळेचं नाव नको, काम सांगा.

घाटावरची बाई

माझी शाळा दोन शिक्षकी, पहिली ते चौथी, पट विशीच्या आत. कुमठ्याला जाऊन आल्यावर आमच्या केंद्रात सगळ्यांनी आधी रंगारी बोलावला, फरशीवर चौकोन, पायऱ्यांवर पाढे, दिसायला छान पण मुलं त्यावरून चालत जायची एवढंच. खरं काम काड्यांचं होतं. दहा काड्या मोजायच्या, रबर लावून गठ्ठा करायचा, ५२ मधून १७ काढायचे तर एक गठ्ठा सोडून सुट्ट्या करायच्या, हे मुलानं स्वतःच्या हातानं केलं की हातचा म्हणजे काय ते कळतं, मग वहीत ते गणित सोडवताना ते अडत नाही. तर आम्ही काड्यांचे डबे, अक्षरकार्डं, गोष्टींच्या पुस्तकांची पेटी, सगळं मुलांच्या ताब्यात दिलं. काढणं, मोजून परत ठेवणं, काड्या कमी पडल्या तर खराट्याच्या तोडून आणणं हे तिसरी-चौथीचं काम, आणि पहिलीतल्या प्रत्येक मुलाला चौथीतली एक ताई नाहीतर दादा. परिपाठ झाला की अर्धा तास जोडीनं बसायचं, बाई वर्गात असोत नसोत, कारण दोन शिक्षकी शाळेत एक जण मीटिंगला गेलेला असतो नाहीतर कसली तरी ऑनलाइन माहिती भरत असतो. पुढे माझी बदली झाली, सोबतचे सरही गेले. मी नव्या बाईंना फोन करून सांगायच्या आधीच मुलांनी पहिल्याच दिवशी डबे काढून जोड्या लावल्या होत्या, बाई म्हणाल्या मी नुसती बघत उभी राहिले. माझ्या वेळची पहिली आता हायस्कूलला आहे आणि जोड्या अजून चालू आहेत. फरशीवरचा रंग मात्र उडाला.

कमिटीवाला

मी शिक्षक नाही, शेतकरी आहे, शाळा व्यवस्थापन समितीवर होतो. आमच्याकडं लोकवर्गणीतून टीव्ही आला, टॅब आले, उद्घाटन झालं, पेपरात फोटो आला आणि मग लाईट बिल थकलं आणि कनेक्शन कट. वर्गणी देताना बिलाचा विचारच कोणी केला नव्हता. शेवटी ग्रामसभेत ठराव घेतला की शाळेचं बिल ग्रामपंचायत भरणार, आणि ते आजपर्यंत भरलं जातंय, सरपंच बदलले तरी, कारण ठराव कागदावर आहे.

दुसरं म्हणजे मीटिंग. कायद्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असं आहे, पण दुपारी मीटिंग ठेवली तर रोजंदारीवरच्या बाया येणार कशा? मग सह्या घरी जाऊन घ्यायच्या. आम्ही मीटिंग संध्याकाळी सातला घ्यायला लागलो. आल्यावर बाया काय म्हणल्या, हिशोब नंतर वाचा, आधी आमची पोरगी वाचते का ते दाखवा. तेव्हापासून दर मीटिंगला दोन-तीन पोरं सगळ्यांसमोर पुस्तक उघडतील ते पान वाचतात. कमिटी दर दोन वर्षांनी बदलते, म्हणून आम्ही मुद्दाम पहिली-दुसरीच्या पालकांना जास्त घेतो, म्हणजे त्यातले निम्मे तरी पुढच्या कमिटीत राहतात. मास्तर येतात-जातात हो, पण पोरगं पहिलीत असलं की पालक चार वर्षं तरी तिथंच असतो.

डहाणूकडचा

आमच्या भागाचं उदाहरण खूप जुनं आहे. ताराबाई मोदकांनी १९४५ ला बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत आल्या, नंतर ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. लेकरं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, ती अंगणवाडी, आणि गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात न्यायची, ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली, कुरणशाळा तेवढी गेली नाही. मला याचं कारण असं वाटतं की अंगणवाडीला पगार (मानधन म्हणा), आहार, रजिस्टर, सेविकेची जागा असं सगळं मिळालं. कुरणशाळेत शिकवायला रोज ऊन-पावसात हिंडणारा माणूस लागतो आणि तशी जागा शासनाच्या आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) नाही. मी स्वतः आता इथल्याच पाड्यांवर काम करतो, आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली पोरं बघितली की कुरणशाळा रोज आठवते.

माजी केंद्रप्रमुख

वरचा मुद्दा पटला. परितेवाडीच्या (ता. माढा) रणजितसिंह डिसले सरांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला हे सगळ्यांना माहीत आहे, पण मला त्याहून मोठं हे वाटतं की त्यांनी पुस्तकांसाठी वापरलेले क्यूआर कोड (मोबाइलनं स्कॅन केले की धड्याचं ऑडिओ-व्हिडिओ साहित्य उघडतं) बालभारतीच्या पुस्तकात छापून आले. पुस्तक प्रत्येक मुलाच्या दप्तरात जातं, मग त्याला शिकवणारे सर उत्साही असोत की नसोत. एक शिक्षक करतो ते त्याच्या वर्गापुरतं असतं, ते छापलं गेलं की राज्याचं होतं.

माझ्या हातात पुस्तक नव्हतं, शिक्षण परिषद होती, म्हणजे केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची बैठक. पूर्वी परिषद म्हणजे परिपत्रक वाचन, चहा, सह्या. मी ती हॉलमधून काढून वर्गात नेली, ज्या शाळेत परिषद त्या शाळेतल्या मुलांना एका शिक्षकानं पाऊण तास शिकवायचं, बाकीच्यांनी मागं बसून फक्त मुलांकडं बघायचं, कोण बोललं, कोण गप्प राहिलं, कुठं अडलं ते लिहायचं. शिकवणाऱ्यावर टीका करायची नाही. सुरुवातीला कोणी उभं राहायला तयार नव्हतं म्हणून पहिले पाठ मीच घेतले. मी निवृत्त झाल्यावर केंद्रप्रमुखाचं पद कितीतरी दिवस रिकामं होतं, तरी शिक्षकांनी ते आपसात चालू ठेवलं, कारण दुर्गम शाळेतल्या एकट्या माणसाला दुसऱ्याचं शिकवणं बघायला मिळण्याची तेवढी एकच जागा आहे.

पाटीपेन्सिल

अनुदानित माध्यमिक शाळा, शहरातली. आमच्या मुख्याध्यापक बाईंनी एकच गोष्ट केली, वेळापत्रकात एका विषयाच्या सगळ्या शिक्षकांची एक तासिका एकत्र मोकळी ठेवली. उपक्रम नाही, नाव नाही, बॅनर नाही. त्या तासाला आम्ही पेपर तपासतो, एकमेकांना विचारतो, भांडतोही. त्या गेल्या, वेळापत्रक राहिलं.

नवी शिक्षिका

मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी आत्ताच लागले आणि आधीच्या सरांचं सगळं जसंच्या तसं चालवा असं गावाचं म्हणणं. काही गोष्टी सुंदर आहेत, त्या मी ठेवल्यात. पण बक्षीस फक्त पहिल्या तिघांना ही पद्धत मी बंद केली आणि मला ते बरोबरच वाटतं. सगळंच टिकायला हवं असं नाही ना?

घाटावरची बाई

अगदी बरोबर, बंद करायचा हक्क नव्या माणसाला हवाच. फक्त त्याला आधी कळायला हवं की काय चालू होतं आणि कशासाठी. आपण चार्ज देतो तेव्हा डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (शाळेच्या सामानाच्या वहीत) खुर्च्या, सतरंज्या, तांदळाची कोठी सगळं मोजून देतो, पण कुठलं मूल कुठं पोचलंय ते कोणी देत नाही. मी निघताना प्रत्येक मुलाचं एक पान लिहून चार्जच्या फाइलला जोडलं, काय वाचता येतं, गणितात कुठं अडतं, घरी कोणती भाषा बोलतात, आई कामावरून किती वाजता येते, ते मूल कोणाशेजारी बसलं की बोलतं. नव्या बाईंनी ते पुढच्यांसाठी तसंच लिहायला घेतलंय. कोणाला नमुना हवा असेल तर सांगा, टाइप करून टाकते.