कपॅसिटिव्ह टच बोर्ड बॅटरीवर टाकला की झोपतो. सल्ला द्या राजेहो

धरमपेठी_सोल्डर: एमएसपी४३०एफआर२६३३ या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचा कॅपटिव्हेट किट (टच शिकायचा संच) घेतला आहे, बटणं-स्लायडरवालं सेल्फ कपॅसिटन्सचं (प्रत्येक इलेक्ट्रोड एकटाच बोट ओळखतो असं) पॅनेल लावून. लॅपटॉपच्या बॅटरीवर मस्त चालते. लॅपटॉपला चार्जर लावला की काउंट (टचचे मोजलेले आकडे) नाचतात, आणि प्रोग्रामर (लॅपटॉपला जोडणारा बोर्ड) काढून वेगळ्या सेलवर टाकला तर बोट ठेवूनही बोर्ड ढिम्म. कूलर बंद केला की नाच जरा कमी होतो, पण मे महिन्यात कूलर बंद करून किती वेळ बसू? बोर्ड गेला का?

जुना_फर्मवेअरवाला: बोर्ड ठीक आहे, अर्थिंग बघा. चार्जर दोन पिनचा आहे ना? त्यातला मेन्सचा गोंधळ बोटातून थेट इलेक्ट्रोडवर उतरतो. कूलरचा प्लग त्याच एक्स्टेन्शनवर असेल तर आधी तो हलवा.
वेगळ्या सेलवर उलटं होतं. बोर्डाचा ग्राउंड हवेत तरंगतो, बोटातून परतीची वाट अरुंद होते, म्हणून सिग्नलच कमी. थ्रेशोल्ड (किती बदल झाला की बोट समजायचं ती मर्यादा) लॅपटॉपला जोडून ठरवले असतील तर ते बॅटरीवर चालणारच नाहीत. वस्तू शेवटी ज्या पॉवरवर राहणार, त्याच पॉवरवर ट्यूनिंग करा.

बर्डीवरून_पार्ट्स: सेल कोणता वापरून राहिले भाऊ?

धरमपेठी_सोल्डर: जुन्या मोबाईलचा लिथियम. थेट जोडला.

बर्डीवरून_पार्ट्स: बापरे! तो पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट देतो, चिपची मर्यादा ३.६. वाचली हे नशीब. पेन्सिल सेल दोन घ्या, काम झालं.

धरमपेठी_सोल्डर: आज काढतो. पण बॅटरीवर असताना काउंट बघायचे कसे? प्रोग्रामरकडून पॉवर देणारा ३.३ व्होल्टचा जंपर काढला, नुसत्या यूआर्टच्या (आकडे लॅपटॉपला पाठवणाऱ्या) तारा ठेवल्या, तर सेल काढल्यावरही चिप अर्धवट जिवंत!

जुना_फर्मवेअरवाला: तारेतूनच पॉवर घुसते, पिनच्या प्रोटेक्शन डायोडमधून. शिवाय ग्राउंडची तार जोडली की लॅपटॉपचा ग्राउंड परत आलाच, मग बॅटरीची चाचणी कसली? किटमध्ये छोटा आयसोलेशन बोर्ड येतो (आकडे जाऊ देतो, पण दोन्हीकडचे ग्राउंड वेगळे ठेवतो), तो मध्ये लावा.
ब्रेकपॉइंटवर (प्रोग्राम मुद्दाम थांबवायच्या जागी) थांबलात की डिझाइन सेंटरचा, म्हणजे लॅपटॉपवरच्या ट्यूनिंग सॉफ्टवेअरचा, आलेख गोठतो, घाबरू नका, सीपीयूच थांबलेला असतो. आणि बोट पॅनेलवर ठेवून बोर्ड चालू करू नका, बोटासकट बेसलाइन (स्पर्श नसतानाची पातळी) घेतो. मी यात एक अख्खा रविवार घालवला आहे.

धरमपेठी_सोल्डर: दोन पेन्सिल सेल, मध्ये आयसोलेशन, थ्रेशोल्ड नव्याने. स्लायडर शहाण्यासारखा चालून राहिला, तोही कूलर फुल स्पीडवर. चार्जर लावला की अजून थोडा थरथरतो, तीन पिनचा मागवलाय.