मदत हवी आहे: मोडी कागदांच्या फोटोंवर खुणा करायच्या आहेत, मूळ फोटो न बिघडवता

नमस्कार मंडळी,

घरच्या एका रुमालातले (कापडात बांधलेल्या दप्तरातले) मोडी कागद वाचायला घेतले आहेत. अस्सल कागद घडीवर तुटायला लागलेत, म्हणून सगळ्यांचे फोटो काढून ठेवले आणि वाचन आता फोटोंवरूनच चालतं. नोंदी ऑब्सिडियन या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवते. तिथली प्रत्येक नोंद आपल्याच संगणकावरची साधी मजकूर फाइल असते, उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी लिहिलेलं आपल्यापाशी राहतं. या कामाला ते फार मोलाचं वाटतं.

अडचण खुणांची आहे. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं एकात एक गुंफत न्यायची, अशी रीत. त्यामुळे शब्द कुठे संपला हे दाखवायला फोटोवरच उभी रेघ मारावी लागते, आणि पुढचा शब्द लागला की तीच रेघ दोन अक्षरं पलीकडे न्यावी लागते. 'छ' दिसला की पुढे हिजरी महिन्याची तारीख, म्हणून त्याला चौकोन. न लागलेल्या अक्षराला गोल आणि बाजूला शंका.

सध्या स्क्रीनशॉट घेऊन त्यावर पेन चालवते आणि चित्र नोंदीत चिकटवते. पण सेव्ह केलं की शाई चित्रात मुरते, मग रेघ सरकवायची तर पुन्हा पहिल्यापासून. आधी वापरत होते त्या नोंदवहीच्या ॲपमध्ये शाई वेगळी राहायची, पण चित्र जरा हललं की सगळे गोल भलत्याच ओळीवर.

मला हवंय ते असं: मूळ फोटो जसाच्या तसा राहावा, खुणा नंतर बदलता याव्यात, चित्राबरोबर हलाव्यात आणि फोटोवर लिहिलेलं देवनागरी शोधात सापडावं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, ऑब्सिडियनमध्येच एक्सकॅलिड्रॉ नावाचं चित्रं काढायचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) टाका. कम्युनिटी प्लगइनच्या यादीत आहे, फुकट आहे. नवं ड्रॉइंग उघडून फोटो त्यात ओढून टाका. ड्रॉइंगमध्ये फोटोचा फक्त दुवा राहतो, मूळ फाइलला हात लागत नाही. फोटो आधी लॉक करा, म्हणजे रेघ ओढताना तो सरकणार नाही. ओळ उठून दिसायला हवी तर पिवळा भरीव आयत काढून त्याची अपारदर्शकता कमी करा. एका कागदाचं काम झालं की लॉक काढा, सगळं निवडा आणि कंट्रोल+जी दाबून गट करा. मग फोटो आणि खुणा एकत्रच हलतात.

शोधाचं म्हणाल तर, ड्रॉइंगची फाइलही आतून मजकुराचीच असते. टेक्स्ट टूलने टाइप केलेलं तिच्यात वेगळ्या मथळ्याखाली साध्या अक्षरांत साठतं, त्यामुळे नेहमीच्या शोधात येतं. पेनने हाताने लिहिलेलं मात्र येणार नाही. म्हणून गोल पेनने, शंका कीबोर्डने.

मोडीत वेलांटी एकच, उकारही एकच. कागदात आहे तसं लिहिलंत तर शोधताना आजचं ऱ्हस्व-दीर्घ जुळणार नाही. त्याच चौकटीत दुसऱ्या ओळीवर आजचं रूप लिहून ठेवा. फॉन्टही बघा. एक्सकॅलिड्रॉचा हस्ताक्षरी फॉन्ट रोमन लिपीसाठी आहे. प्लगइनच्या सेटिंगमध्ये आपल्या फॉन्टची फाइल देता येते, तिथे चांगला देवनागरी फॉन्ट द्या. मोडीलाही २०१४ पासून युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात) जागा आहे, पण लिप्यंतर देवनागरीत ठेवलंत तर शोध सोपा.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. फक्त कागद कुणाला पाठवणार असाल तर एक काळजी घ्या. जमिनीच्या वादातली नावं झाकायला काळा आयत टाकलात तरी ड्रॉइंगच्या फाइलमध्ये तो नुसता वरचा थर असतो, बाजूला केला की खाली सगळं वाचता येतं. पाठवताना ड्रॉइंगचं पीएनजी, म्हणजे साधं चित्र, काढूनच पाठवा आणि मूळ फोटोंचा फोल्डर सोबत देऊ नका. कापलेल्या चित्रांचंही तसंच. २०२३ साली पिक्सेल फोनमधलं चित्र कापायचं मार्कअप आणि विंडोजचं स्क्रीनशॉटचं स्निपिंग टूल, दोन्हींत असा दोष सापडला होता की कापून त्याच नावाने सेव्ह केलेल्या फाइलच्या शेवटी जुन्या चित्राचा भाग शिल्लक राहायचा. पुढे दुरुस्ती आली, पण त्याआधी कापलेल्या फायली आपोआप सुधारत नाहीत. तशा पडून असतील तर मूळ फोटोवरून नव्याने कापा.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार! एका कागदावर करून पाहिलं. 'छ' शेजारी 'रज्जब' टाइप केलं आणि शोधात तो कागद लगेच वर आला. उभ्या रेघा हव्या तशा सरकतात, फोटो जागचा हलत नाही. देवनागरी फॉन्ट दिल्यावर जोडाक्षरंही नीट दिसू लागली.

आता एकच विचारायचं आहे. एका कागदाच्या दोन बाजूंचे दोन फोटो आहेत आणि मजकूर पाठीमागे चालू राहतो. दोन्ही एकाच ड्रॉइंगमध्ये शेजारी ठेवावेत की वेगळ्या फायली करून दुवा द्यावा?

प्रतिसाद १

एकाच ड्रॉइंगमध्ये ठेवा, ताई. अर्धवट तुटलेला शब्द मागच्या बाजूला कुठे जोडला जातो तिथे बाण काढता येईल. नोंदीत ते ड्रॉइंग नेहमीच्या चित्रासारखंच ![[ ]] मध्ये नाव देऊन बसवा. पुढे ड्रॉइंगमध्ये रेघ सरकवलीत की नोंदीतही ती सरकलेलीच दिसेल.